मोहिते मॅडम आणि काखेतली गाठ

मोहिते मॅडमबद्दल बरं बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि मी स्वतःही तो नाही. कंपनी सोडून मला बराच काळ झाला. जुने लोक कधीमधी डांगे चौकात चहाला भेटतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणी फ्लॅट घेतला, कोण कॅनडाला गेलं, असं सगळं बोलून होतं आणि मग कुणीतरी मॅडमचा विषय काढतोच. मग जो तो आपापला अपमान असा तावातावानं सांगायला लागतो, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघतात.

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर ही बाई कळणार नाही. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद आमच्या स्क्रीनवर यायचे. डॉक्टरनं काय तपासलं, काय सापडलं, कुठला आजार निघाला, हे त्यात लिहिलेलं असायचं. ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. त्या कोडवर तिकडचा विमा चालतो. याला मेडिकल कोडिंग म्हणतात. माझ्या आईला मी ‘कॉम्प्युटरवर दवाखान्याचं काम’ एवढंच सांगितलं होतं आणि ती गावात मी डॉक्टरच्या हाताखाली असतो म्हणून सांगत फिरायची. आमची टीम कॅन्सरची. कोड आम्ही द्यायचे आणि ते तपासायचे मोहिते मॅडमनी. त्या ऑडिटर.

मॅडम बुटक्या, रुंद बांध्याच्या, केस घट्ट मागे ओढून बांधलेले. एसीचा त्रास होतो म्हणून बारा महिने अंगात मरून रंगाचा स्वेटर. दिघीहून स्कूटरवर यायच्या. आल्या की हेल्मेट टेबलावर आपटायच्या, आणि तो आवाज झाला की सगळ्या फ्लोअरवरच्या गप्पा बंद व्हायच्या. पूर्वी त्या एका मोठ्या दवाखान्याच्या कॅन्सर वॉर्डात नर्स होत्या एवढं माहीत होतं. ती नोकरी का सोडली ते कुणी विचारलं नाही. तेवढी जवळीकच कुणाची नव्हती. डबा भिंतीकडं तोंड करून एकट्या खायच्या. रोज जेवताना घरी सासूला फोन. तो फोनसुद्धा आमच्याशी बोलावं तसाच. “जेवला का? मग गोळी घ्या. न्हाई, मागनं न्हाई, आत्ता घ्या. मी थांबलीय फोनवर. घेतली? पाणी प्या वर.” आणि खाडकन बंद.

एरवी त्यांचं मराठी आपल्यासारखंच. इंग्रजी तर चोख. पण डोकं फिरलं की त्यांच्या तोंडात मावळ यायचं. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘व्हय’ सुरू झालं की समोरच्यानं समजायचं, आता आपली धडगत नाही.

ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. कॅन्सर एका ठिकाणी सुरू होतो आणि दुसरीकडं पसरतो, तेव्हा दोन्ही ठिकाणांचे कोड वेगळे द्यायचे असतात. मी काखेतल्या गाठीला दिला होता मूळ कॅन्सरचा कोड. मॅडमनी मला उभं केलं.

“नाव?”

“दत्ता.”

“गाव कुठलं?”

“धाराशिवकडचं.”

“आणि राहतोस कुठं?”

“मारुंजीला. रूमवर.”

“मग मारुंजीला राहतोस म्हणून मारुंजीचा झालास का?”

सगळे हसले. मीही हसलो.

“हसू नकोस. कॅन्सरचं तसंच आहे. स्तनात सुरू झाला आणि काखेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रंथीत, जाऊन बसला, तरी तो स्तनाचाच. काख हे त्याचं भाड्याचं घर. मूळ गावाचा कोड वेगळा, भाड्याच्या घराचा वेगळा. भाड्याच्या घराचा म्हणजे सी-७७. समजलं?” मी मान हलवली. मॅडम पुढं म्हणाल्या, “आणि मारुंजीवाल्यांना एकदा विचार, तू त्यांना हवायस का ते.”

नियम डोक्यात पक्का बसला हे खरं. पण पुढं कितीतरी दिवस मी रूमच्या जिन्यावर घरमालक दिसला की मान खाली घालून जात होतो. शिकवायला एवढं टोचायलाच हवं होतं का? माझ्या शेजारी शाहीन बसायची. तिनं तेव्हाच वहीच्या कडेला मला लिहून दाखवलं होतं, ‘हिला कुणी भाड्यानं ठेवणार नाही.’

शाहीन थेरगावची. तिच्या वडिलांचं, सलीमभाईंचं, टू-व्हीलरचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागंच घर. मायक्रोबायॉलॉजी करून ती आमच्यात आली होती. बोलायला फटकळ, पण कुणाच्या वाढदिवसाला शीरखुर्म्याचा डबा आणणारी. माझी गाडी नेहमी सलीमभाईंकडंच जायची. “भाऊ, ऑइल बदललं नाहीस तर इंजिन शिव्या देईल,” असं म्हणत ते गाडी घ्यायचे.

मॅडमचा खास राग होता सी-७७ पॉइंट ९ वर. त्याचा अर्थ, कॅन्सर लिम्फ नोडमध्ये पसरलाय, पण कुठल्या ते माहीत नाही. नवी पोरं घाईत तोच टाकायची. मॅडम खुर्चीमागं येऊन उभ्या राहायच्या. “गाठ कुठली? मानेतली, काखेतली, जांघेतली, पोटातली?” समोरचा पहिल्याच पानावर शोधत राहायचा. “आहे ना तिसऱ्या पानावर लिहिलेलं. तिसऱ्या पानापर्यंत जायचा कंटाळा आला? त्या बाईच्या काखेत सुई घातली तिकडं, आणि तुला स्क्रोल करता येत नाही?” बोलताना हातातलं पेन त्या स्वतःच्याच काखेत टोचून दाखवायच्या. एका मुलीनं त्यांची ती नक्कल करायला सुरुवात केली आणि कँटीनमध्ये ती रोजची करमणूक झाली.

खरं वैर सुरू झालं ते निखिल सर मॅनेजर होऊन आल्यावर. निखिल सर आमच्याहून थोडेच मोठे. सगळ्यांना ‘भावा’ म्हणायचे, आजारी पडलं तर स्वतः मेसेज करायचे. क्लायंटला पसरलेल्या कॅन्सरचे कोड जास्त हवे होते, कारण आजार जितका गंभीर दिसेल तितका तिकडच्या दवाखान्याचा फायदा. निखिल सरांनी मीटिंगमध्ये हसतहसत सांगितलं, “स्तनाचा कॅन्सर आहे, आणि डॉक्टरनं लिहिलंय काखेतले नोड वाढलेत. आता ते कशानं वाढले असणार, राव? लॉजिकल आहे. सी-७७ द्यायचा.”

आम्ही द्यायला लागलो. मॅडमनी ते सगळेच्या सगळे चूक म्हणून परत पाठवले. टीमचं रेटिंग धडाधड खाली आलं. निखिल सर त्यांच्या टेबलाशी गेले तेव्हा आम्ही कान तिकडंच लावून बसलो होतो.

“मॅडम, थोडं फ्लेक्झिबल व्हा ना.”

“डॉक्टरनं कॅन्सर पसरलाय असं लिहिलंय का?”

“नोड एन्लार्ज्ड आहेत असं लिहिलंय.”

“पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, माहितीय का तुम्हाला? तीपण वाढलेली गाठच हाय. त्याला काय कॅन्सर म्हणणार? वाढलेल्या गाठीचा कोड निराळा हाय. त्यो द्यायचा.”

“क्लायंटला प्रॉब्लेम नाहीये, तर तुम्हाला काय?”

“तिकडं कुणी बाई आपलं रेकॉर्ड उघडून बघंल आन् धसक्यानं मरंल. तिला सांगायला तुम्ही जाणार हायसा का?”

निखिल सर हसत परत आले, पण कान लाल झाले होते. मॅडमचं म्हणणं नियमाप्रमाणं बरोबर होतं, हे आम्हाला तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी ते नंतर ज्या पद्धतीनं आम्हाला ऐकवलं, त्यानं ते बरोबर असणंच डोक्यात जायला लागलं. एकेकाला बोलावून, “मॅनेजरनं सांगितलं तर गटारात उडी मारशील का?” असं सगळ्यांसमोर. निखिल सर आमच्यापैकी एकाशीही कधी आवाज चढवून बोलले नव्हते. आम्ही कुणाच्या बाजूला जाणार?

त्याच सुमाराला शाहीनच्या अम्मीच्या स्तनात गाठ निघाली. घराजवळच्याच एका छोट्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतले नोडही काढले. सर्जन म्हणाले, सगळं साफ केलंय, काळजीचं कारण नाही, महिन्यानं दाखवायला या. शाहीननं पेढे वाटले. पुढं काही दिवसांनी काढलेल्या गाठींचा तपासणी अहवाल आला. तो घ्यायला शाहीन एकटीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिनं तो माझ्यापुढं ठेवला. “वाच ना एकदा. मला नीट कळत नाहीये.”

तिला नीट कळत होतं. वर्षभर आम्ही दिवसभर तेच वाचत होतो. काखेतल्या बऱ्याच नोडमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या होत्या. तिला माझ्याकडून काहीतरी वेगळं ऐकायचं होतं, आणि मी तेच शोधत होतो. “अगं, काढल्यात ना त्या गाठी,” मी म्हणालो. “डॉक्टर म्हणालेत ना साफ केलंय.”

“तेच ना. मी निखिल सरांनाही दाखवला. तेपण म्हणाले, पॉझिटिव्ह राहा.”

तेवढ्यात मागून एक हात आला आणि कागद उचलून घेतला. मॅडम हात धुवून चालल्या होत्या. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, पान उलटलं, परत पहिल्या पानावर आल्या.

“कोण आहे ही?”

“माझी अम्मी.” शाहीननं हात पुढं केला. “द्या तो.”

“काखेत पसरलाय.” मॅडमचा आवाज कधीच बारीक नव्हता. कँटीनमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. “केमो कुठं सुरू केलीय?”

“नाही केली. डॉक्टरांनी महिन्यानं बोलावलंय.”

“महिन्यानं कशाला? टाके बघायला? कॅन्सरच्या डॉक्टरला दाखवलं का?”

“गरज नाही म्हणाले.”

“हा कागद बघून म्हणाले का बघायच्या आधी?”

शाहीननं कागदाचं टोक धरलं, मॅडमनी तो सोडला नाही.

“तुझ्या आईला माहितीय?”

“नाही. अब्बांनाही नाही. आणि तुम्हाला कुणी विचारलं होतं?” शाहीन उभी राहिली. “कुणी बोलावलं होतं तुम्हाला मध्ये?”

“काख तिची हाय. तिला सांगायचं न्हाई आन् सगळ्या हाफिसात कागद फिरवायचा, व्हय?” मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. “उद्या सुट्टी टाक आणि घेऊन जा तिला.”

आणि त्या निघून गेल्या. शाहीन टेबलावर डोकं ठेवून रडत राहिली. तिच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या मुलींची गर्दी झाली. त्या क्षणी मला मॅडमचा असा संताप आला होता, की त्या परत आल्या असत्या तर मी काय बोललो असतो मलाच माहीत नाही. एखाद्याच्या आईबद्दल असं बोलतात? पाणी देतात आधी. बाजूला नेतात. खुर्ची ओढून बसतात.

शाहीननं सुट्टी टाकली नाही. ती कामाला येत राहिली, गप्प बसून कोड देत राहिली. मॅडम रोज सकाळी तिच्या टेबलापाशी थांबून एकच शब्द विचारायच्या. “नेलं?” शाहीन स्क्रीनवरून नजर हलवायची नाही. मॅडम पुढं जायच्या.

शनिवारी मी सलीमभाईंच्या गॅरेजवर होतो. गाडीचं काम चाललं होतं आणि मी स्टुलावर बसलो होतो. समोर स्कूटर थांबली. मॅडम उतरल्या, हेल्मेट काढून हातात घेतलं. माझ्याकडं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

“शाहीनचे वडील तुम्हीच का?”

“हां, मॅडम. बसा ना. गाडीला काय झालं?”

“गाडीला काही नाही. मी शाहीनच्या ऑफिसातली. तुमच्या बायकोच्या काखेतल्या गाठींत कॅन्सर सापडलाय. रिपोर्ट तुमच्या मुलीकडं आहे. घाबरून तिनं दाखवला नाही. मोठ्या कॅन्सरच्या दवाखान्यात न्या. सोमवारी न्या, थांबू नका.”

सलीमभाई हातातल्या चिंधीनं बोटं पुसत होते. पुसून झाली तरी पुसत राहिले. “पण डॉक्टरसाहेब तर बोलले, सगळं साफ आहे.”

“ते रिपोर्टच्या आधी बोलले.”

मागच्या दाराचा पडदा हलला. शाहीनची अम्मी दारात आली होती. एका हाताला कणीक, दुसरा हात ऑपरेशनच्या बाजूचा, तो पोटाशी धरलेला. “क्या हुआ? कौन है?” मागनं शाहीन धावत आली. तिनं मॅडमना बघितलं आणि सगळं तिच्या लक्षात आलं.

“जा इथून,” ती ओरडली. “आमच्या घरात यायचं नाही. जा.”

मॅडमनी तिच्याकडं बघितलंही नाही. अम्मीला म्हणाल्या, “तुम्हाला कळलंच पाहिजे. रडा, पण सोमवारी जा.” हेल्मेट घातलं आणि गेल्या.

अम्मी तिथंच उंबऱ्यावर बसल्या. शाहीन त्यांना मिठी मारून काहीबाही सांगत होती आणि अम्मी कणकेचा हात तिच्या कपड्यांना लागू नये म्हणून लांब धरून बसल्या होत्या. सलीमभाई मला म्हणाले, “भाऊ, गाडी उद्या ने.”

सोमवारी शाहीननं एचआरकडं तक्रार दिली. एखाद्याच्या आजाराची माहिती परस्पर दुसऱ्याला सांगणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा, आणि आम्हाला ते शिकवलं होतं मोहिते मॅडमनीच. तक्रारीला आम्ही सगळ्यांनी पाठिंबा दिला. मी सही केली. आज पुन्हा विचारलं तर आजही करीन. कुणाच्या घरात घुसून कुणाच्या आईला असं सांगायचा हक्क त्यांना कुणी दिला नव्हता.

गॅरेजवर होतो म्हणून मला साक्षीला बोलावलं. काचेच्या केबिनमध्ये एचआरच्या बाई, निखिल सर, मी आणि समोर मॅडम. एचआरच्या बाईंनी विचारलं, “तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात, हे मान्य आहे?”

“व्हय. गेले होते.”

“हे चुकीचं आहे असं तुम्हाला वाटत नाही?”

“कंपनीच्या नियमानं चूकच हाय.”

“मग?”

“मग काय? काढा.”

निखिल सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, तुम्ही फक्त शाहीनची माफी मागा. आणि ऑडिटमध्ये थोडं ॲडजस्ट करा. आपण हे इथंच मिटवू.”

मॅडम त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग त्या दिवसात पहिल्यांदाच शांत, शुद्ध मराठीत बोलल्या. “शाहीनची माफी आणि तुमचं ऑडिट यांचा काय संबंध, ते या मुलासमोर सांगा.”

निखिल सर पाण्याची बाटली उघडायला लागले. मला बाहेर जायला सांगितलं.

त्या आठवड्यात मॅडमची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी त्या कुणाला भेटल्या नाहीत, कुणी त्यांना भेटायला गेलं नाही. स्वेटर पिशवीत घालून लिफ्टकडं जाताना त्यांनी वाटेतल्या एका मुलाच्या स्क्रीनवर नजर टाकली, थांबल्या, “ते फुप्फुसाजवळचे नोड आहेत, पोटातले नाहीत,” म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या जागी निखिल सरांनी स्वतःचा माणूस आणला. आमचं रेटिंग झपाट्यानं सुधारलं. मला मात्र ते काम नंतर फार काळ जमलं नाही. चाकणला एका कंपनीच्या दवाखान्यात रेकॉर्डचं काम मिळालं, तिकडं गेलो.

सलीमभाई खरोखरच त्या सोमवारी अम्मीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले होते. केमो झाली, रेडिएशन झालं. अम्मीचे केस गेले, परत आले. मी एकदा शाहीनला भीतभीत विचारलं, की त्या बाईनं सांगितलं नसतं तर? तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. “आम्ही जाणारच होतो, दत्ता. मला फक्त चार दिवस हवे होते. ते चार दिवस माझे होते.” मी पुन्हा तो विषय काढला नाही. ती गेली असती का, मला माहीत नाही. गेली असती असंच मी धरून चालतो.

मॅडमना मी पुन्हा एकदाच बघितलं. रविवारची सकाळ होती. डांगे चौकाजवळच्या भाजीबाजारात शाहीन आणि अम्मी भेटल्या आणि आम्ही तिघं बोलत चाललो होतो. अम्मीच्या एका हातावर घट्ट बाही होती. काखेतले नोड काढले की हातातलं पाणी वर चढायला वाट राहत नाही, तो सुजतो. त्याच हातात भाजीची भरलेली पिशवी होती.

समोरून मोहिते मॅडम आल्या. केस पिकले होते, बाकी तशाच, सकाळच्या थंडीत अंगात तोच मरून स्वेटर. शाहीननं तोंड फिरवलं. मॅडमनी ना तिच्याकडं बघितलं, ना माझ्याकडं. त्यांची नजर अम्मीच्या हातावर होती. त्या सरळ आल्या आणि अम्मीच्या हातातली पिशवी काढून घेतली.

“या हातानं वजन उचलायचं न्हाई, सांगितलं न्हाई का कुणी? सुजलाय किती तो. रक्तदाबाचा पट्टापण या हाताला लावून घ्यायचा न्हाई.” अम्मीच्या दुसऱ्या हातात त्यांनी पिशवी जवळजवळ कोंबली. “आन् ही धडधाकट पोरगी मोकळ्या हातानं चाललीय.”

आणि गेल्या. कशा आहात नाही, काही नाही. मला तेव्हाही त्यांचा रागच आला.

शाहीन आता वळली. “दे अम्मी, इकडं दे ती पिशवी.”

अम्मी वळून त्या पाठीकडं बघत होत्या. “वही है ना? गॅरेजवाली?”

“हं. चल तू.”

“बहोत बदतमीज औरत है,” अम्मी म्हणाल्या.

शाहीननं पिशवीला हात घातला, पण अम्मीनं ती सोडली नाही. मॅडमनी दिली होती त्याच हातात धरून ठेवली आणि तशाच त्या पुढं चालायला लागल्या. मागं गर्दीत मरून स्वेटर दिसत होता. मॅडम एका गाड्यापाशी थांबून भेंड्यांची टोकं मोडून बघत होत्या, आणि भाजीवाला हात जोडून म्हणत होता, “मॅडम, घ्यायची तर घ्या, मोडू नका ना.”